हिसके देणारी स्पोर्ट्स कार: केबल जुळवावी, थ्रॉटल धुवावा की केबलच बदलावी?

संध्याकाळी इंदूरच्या जवाहर मार्गावर दुसऱ्या गिअरमध्ये रांगताना गाडी हिसके देते आणि सुपर कॉरिडॉरवर मात्र झकास पळते? मग इंजिन खोलायची घाई करू नका. आधी गाडी केबलवाली आहे ना, म्हणजे पेडल तारेने थ्रॉटलला (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणाऱ्या झडपेला) जोडलेलं आहे ना, ते बघा. माझदा एमएक्स-5 च्या 1989 आणि 1998 च्या पिढ्या केबलवाल्या. 2005 च्या तिसऱ्या पिढीपासून पेडलला सेन्सर आला, तिथे जुळवायला काही उरलंच नाही.

केबल जुळवायला खर्च शून्य, दोन पाने पुरतात. केबल सैल असली की पेडलचा पहिला भाग रिकामा जातो, मग थ्रॉटल एकदम उघडतो. थ्रॉटल बॉडीजवळच्या ब्रॅकेटवरचे नट ढिले करून अर्धा-अर्धा फेरा देत सैलपणा कमी करा. पण थोडी ढील राहू द्याच. किती, ते गाडीच्या मॅन्युअलमध्ये असतं. पुष्कळ मिस्त्री 'पिकअप' वाढावा म्हणून केबल तट्ट ओढतात, आणि मला हेच सर्वांत जास्त खटकतं. थ्रॉटल पूर्ण मिटत नाही, आयडलिंग (पेडल न दाबता इंजिन फिरण्याचा वेग) चढतं, पाय उचललेला कंप्युटरला कळत नाही. रांगताना त्रास उलट वाढतो.

धुलाईची गरज ओळखायला इंजिन बंद ठेवून थ्रॉटल हाताने उघडा. सुरुवातीलाच चिकटून मग झटक्यात सुटला, तर कडेला कार्बन बसलाय. अशा गाडीत केबल कितीही जुळवा, हिसका जाणार नाही. थ्रॉटल बॉडीचा स्प्रे आणि मऊ फडका घ्या. काहींना आतून कारखान्याचा लेप असतो, म्हणून खरवडू नका. थ्रॉटल कुठवर मिटेल ते ठरवणाऱ्या स्टॉप स्क्रूला तर हातच लावू नका.

नवी केबल फक्त दोन कारणांसाठी: थ्रॉटल हाताने हलका फिरतो पण पेडल अडखळतं, किंवा टोकाशी तारेचे धागे सुटलेत. सुटलेला धागा अडकला तर थ्रॉटल उघडाच राहू शकतो, तेव्हा तिथे पैशाचा विचार नको.

माझं मत विचाराल तर आधी हाताने तपासा, गरज असेल तर धुवा, आणि मगच नटाला पाना लावा. शेवटी इंजिन बंद असताना घरातल्या कुणाला तरी पेडल तळापर्यंत दाबायला सांगा आणि थ्रॉटल पूर्ण उघडतो का ते स्वतः बघा. मग इंजिन गरम करून आयडलिंग बघा. केबल ताणली जाऊन ते चढलं असेल, तर अजून थोडी ढील द्या.