कुबो वापरून पाहिलं: पावसाळा काढल्यानंतरचा अनुभव

बेळगाव जिल्हा १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होता, त्यामुळे आमच्या खानापूरकडे घरोघरी मोडी-मराठीतले जुने कागद पडून आहेत. आताचा उतारा कन्नडमध्ये निघतो, म्हणून जुने जपावे लागतात. या कागदांचे स्कॅन आणि गावच्या भजनी मंडळाची रेकॉर्डिंगं एकाच लॅपटॉपवर ठेवायची नव्हती, म्हणून कुबो बसवलं. आयपीएफएस म्हणजे मधे कोणती एक कंपनी न ठेवता लोकांनी एकमेकांच्या मशीनवरून फाइली द्यायच्या-घ्यायच्या, असं विकेंद्रित नेटवर्क. त्याचा हा गो या प्रोग्रॅमिंग भाषेतला प्रोग्रॅम. २०२२ पर्यंत त्याचं नाव गो-आयपीएफएस होतं, जुन्या लेखांत तेच दिसेल.

बसवणं सोपं. एकच फाइल उतरवायची, ‘इनिट’ द्यायचं की तुमच्या मशीनची ओळख तयार होते. मग एका टर्मिनलमध्ये (टाइप करून हुकूम द्यायची खिडकी) ‘डेमन’, म्हणजे सतत चालणारा मुख्य प्रोग्रॅम, चालू ठेवायचा आणि दुसऱ्यात ‘ॲड’ करायचं. फाइलचे २५६ किलोबाइटचे तुकडे पडतात आणि ‘क्यूएम’ने सुरू होणारा लांबलचक पत्ता मिळतो. हा पत्ता फाइल कुठे आहे त्यावरून नाही, तिच्या आत काय आहे त्यावरून बनतो. म्हणून निपाणीच्या मामांनी त्या पत्त्यावरून कागद उतरवला तर तो मधे कोणी बदललेला नाही याची खात्री आपोआप होते. मात्र ‘ॲड’ करताना सेटिंग वेगळं ठेवलं तर त्याच फाइलचा पत्ता वेगळा येतो. दोघांनी आधीच ठरवून घ्या.

आता मुख्य गोष्ट. फाइल ‘ॲड’ केली म्हणजे ती नेटवर्कवर कायमची राहिली, असं अजिबात नाही. ती तुमच्याच डिस्कवर असते. ‘ही माझ्याकडे आहे’ एवढी नोंद नेटवर्कवर जाते, ती ४८ तासांत संपते, आणि डेमन दर २२ तासांनी ती नव्याने टाकत राहतो. आषाढात आमच्याकडे लाइट गेली की लॅपटॉप बंद, आणि पत्ता बरोबर असूनही फाइल कोणालाच मिळत नाही. उपाय एकच, दुसऱ्या कोणीतरी ती ‘पिन’ करून, म्हणजे आपल्या डिस्कवर पुसली न जाणारी प्रत ठेवून, मशीन चालू ठेवायचं. मामांच्या दुकानातला जुना पीसी त्यासाठी लावला. समजावून सांगितल्यावर मामा म्हणाले, “व्हय रे, म्हणजे मशीन मी चालू ठेवायचं आणि फाइल जगाला मिळायची?” बरोबर तेच.

दोन्ही घरांच्या इंटरनेटला स्वतःचा सार्वजनिक आयपी, म्हणजे बाहेरून थेट गाठता येणारा पत्ता, नाही, त्यामुळे सुरुवातीला मशीनं एकमेकांना फार उशिरा सापडायची. कॉन्फिगमध्ये (सेटिंगच्या फाइलमध्ये) ‘पिअरिंग’खाली एकमेकांची ओळख टाकल्यावर फरक पडला. हॉटस्पॉटवर चालवणार असाल तर ‘लोपॉवर’ प्रोफाइल लावा, नाहीतर डेमन जगभर जोडण्या करत डेटा खातो. ज्या मशीनवरून फाइल द्यायची आहे तिथे मात्र ते नको.

डिस्कची मर्यादा मूळ सेटिंगमध्ये १० जीबी आहे, पण डेमन सुरू करताना ‘इनेबल-जीसी’ दिलं नाही तर पिन नसलेल्या तुकड्यांची साफसफाई आपोआप होत नाही.

फाइलींची यादी बदलली की पत्ताही बदलतो. त्यासाठी आयपीएनएस आहे, म्हणजे आतलं बदललं तरी तोच राहणारा पत्ता. ते मला फार संथ वाटलं, सोडून दिलं. नवा पत्ता मी मामांना व्हॉट्सॲपवर पाठवतो. विकेंद्रित नेटवर्कचं हे असं आहे!

खासगी कागद सरळ ‘ॲड’ करू नका. इथे मुळात कुलूप नाही, पत्ता असेल तो फाइल उघडतो, आणि कोणी उतरवून घेतली की परत मागता येत नाही. जमिनीचे कागद मी आधी जीपीजी या कुलूप लावणाऱ्या (एन्क्रिप्शनच्या) प्रोग्रॅमने बंद करतो. भजनं उघडीच ठेवली आहेत, ती ऐकलेलीच बरी.

फक्त स्वतःसाठी बॅकअप हवा असेल तर हा खटाटोप नको, पेनड्राइव्ह बरा. मशीन चालू ठेवणारी दोन-तीन भरवशाची माणसं असतील तर मात्र जरूर बसवा. पुण्याच्या आत्येभावाकडे तिसरं मशीन लावायचं आहे. त्याला टर्मिनलचा कंटाळा, म्हणून आयपीएफएस डेस्कटॉप हा खिडक्या-बटणांचा प्रोग्रॅम देणार. आत कुबोच चालतं.