फोटो एडिटिंग: आधी रॉ शिकावं की लेअर?

‘फोटोशॉप घेऊ की लाइटरूम?’ असं कोणी विचारलं की मी उलट विचारते: फोटो किती आहेत, आणि त्यातल्या किती फोटोंमध्ये काही जोडायचं किंवा पुसायचं आहे? बहुतेकांचं उत्तर ‘फोटो ढीगभर, जोडायचं फारसं काही नाही’ असंच असतं. अशांनी लाइटरूमसारख्या रॉ सॉफ्टवेअरपासून सुरुवात करावी, असं माझं स्पष्ट मत आहे. फोटोशॉप हे लेअरवालं सॉफ्टवेअर, म्हणजे पारदर्शक कागदांसारखे थर एकावर एक रचून काम करणारं.

रॉ फाइल म्हणजे कॅमेऱ्याच्या सेन्सरने नोंदवलेला कच्चा माल. जेपेगमध्ये, म्हणजे नेहमीच्या तयार फोटो फाइलमध्ये, प्रत्येक रंगाच्या 256 छटा मावतात. 14 बिटच्या रॉमध्ये प्रत्येक पिक्सेलसाठी 16,384 पायऱ्या असतात. फोटो जसाच्या तसा पाहिला तर हा फरक जाणवत नाही, अंधारलेला भाग उजळायला घेतला की जाणवतो. मी सुरुवातीला संध्याकाळचे जेपेग लेअर लावून उजळायचे आणि आकाशात पट्टे पडले की स्वतःच्या हाताला दोष द्यायचे. दोष हाताचा नव्हता, तेवढ्या छटाच फाइलमध्ये नव्हत्या. व्हाइट बॅलन्सचंही (पांढरं पांढरंच दिसावं म्हणून उजेडानुसार केलेली रंगांची जुळवणी) तसंच. रॉमध्ये तो पक्का झालेला नसतो, त्यामुळे पिवळट दिव्याखालचा चेहरा नंतरही नीट सावरता येतो. पण रॉ म्हणजे जादू नव्हे. तिन्ही रंगांत पूर्ण जळालेला पांढरा भाग कोणत्याही स्लायडरने परत येत नाही.

लाइटरूम, कॅप्चर वन, डार्कटेबल, रॉथेरपी ही सगळी रॉ सॉफ्टवेअर मूळ फाइलला हात लावत नाहीत. काय बदल केले याची फक्त नोंद ठेवतात. म्हणूनच एका फोटोवरची सेटिंग उचलून त्याच उजेडातल्या तीनशे फोटोंना चिकटवता येते. लेअरवाल्या सॉफ्टवेअरमध्ये हेच करायचं तर रात्र जाते.

मग लेअर कशाला? ग्रुप फोटोत एकाचे डोळे मिटलेत आणि पुढच्याच फ्रेममध्ये ते उघडे आहेत, तर दुसरा फोटो वरच्या लेअरवर ठेवायचा, त्याचा मास्क (लेअरचा कुठला भाग दिसावा हे ठरवणारा पडदा) काळा करायचा आणि चेहऱ्यापुरता पांढरा ब्रश फिरवायचा. मास्कमध्ये पांढरं दाखवतं, काळं लपवतं. एवढं डोक्यात बसलं की निम्मं काम झालं. अक्षरं टाकणं, दोन प्रसंग एका चित्रात आणणं, किचकट वस्तू पुसून मागची जागा रंगवणं हेही लेअरचंच काम. फोटोशॉपमध्ये लेअर आले 1994 साली, तिसऱ्या आवृत्तीत. त्याआधी एकदा चिकटवलेलं चित्र खालच्या चित्रात मिसळून जायचं.

लेअरची किंमत मोजावी लागते ती फाइलच्या आकारात. 24 मेगापिक्सेलचा फोटो 16 बिटमध्ये उघडला की एक लेअर, दाबून लहान न करता, साधारण 144 एमबी भरतो. रॉ सॉफ्टवेअरची नोंद बहुधा काही केबींत आटोपते. जुन्या लॅपटॉपवर काम करणाऱ्याने हा हिशेब आधीच करावा.

रॉ आणि लेअर यांच्या मधली रेघ आता पुसट होत चालली आहे. लाइटरूम 2021 पासून आकाश किंवा फोटोतला मुख्य विषय आपणहून ओळखून मास्क करतं, डार्कटेबलमध्येही मास्क उत्तम आहेत. कॅप्चर वनमध्ये तर चक्क ‘लेअर’ नावाची सोय आहे. नावाला भुलू नका, तिथे लेअरवर दुरुस्त्या बसतात, दुसरा फोटो बसत नाही.

पैशांचं थोडक्यात: लाइटरूम आणि फोटोशॉप वर्गणीवर चालतात. डार्कटेबल, रॉथेरपी आणि लेअरसाठी गिंप ही मोफत आहेत. गिंप रॉ फाइल स्वतः उघडत नाही, ती आधी डार्कटेबल किंवा रॉथेरपीकडे सोपवतं. म्हणजे मोफतच्या वाटेवर दोन्ही प्रकारांशी ओळख करून घ्यावीच लागते. फोटोशॉपमध्ये रॉ उघडायचं काम सोबत येणारं ‘कॅमेरा रॉ’ करतं, आणि त्याचं इंजिन लाइटरूमचंच आहे.

तुम्ही फक्त पोस्टर किंवा कोलाज करत असाल, तर माझा सल्ला उलटा धरा आणि थेट लेअरकडे जा. दोन्ही लागणार असतील तर क्रम मात्र सांभाळा: एक्स्पोजर (उजेडाचं प्रमाण), व्हाइट बॅलन्स, नॉइज (फोटोतले दाणे) आणि लेन्सच्या दुरुस्त्या रॉमध्ये उरकून मगच 16 बिट टिफ (छटा न गमावता जतन होणारी चित्रफाइल) लेअरसाठी पाठवा. एकदा टिफ बाहेर पडली की नंतर रॉमध्ये केलेला बदल तिच्यापर्यंत पोहोचत नाही. फोटोशॉपमध्ये रॉ स्मार्ट ऑब्जेक्ट (मूळ फाइल आत तशीच जपणारा लेअर) म्हणून उघडली तर मागे फिरता येतं, तरी तिच्यावर वेगळ्या लेअरमध्ये केलेलं पुसकाम रंग बदलताच उघडं पडतं.