गिनीपिगच्या पिंजऱ्यात फ्लीस की लाकडाचा भुसा?

धुळ्याच्या एका ताई रेस्क्यूमधून, म्हणजे सोडवलेल्या जनावरांच्या आसऱ्यातून, दोन गिनीपिग घरी आणताहेत. खाली काय अंथरायचं, यावर त्यांचं अडलंय.

आधी खर्च. फ्लीस म्हणजे लोकरीसारखं मऊ कृत्रिम कापड. त्याला सुरुवातीलाच पैसे पडतात, मग तेच कापड धुऊन वर्षानुवर्षं चालतं. भुसा पहिल्यांदा स्वस्त वाटतो, पण तो सारखा आणावा लागतो. वखारीतला फुकटचा बारीक भुसा मात्र नकोच. त्याची धूळ गिनीपिगच्या नाजूक फुप्फुसांत जाते. देवदारसारखं उग्र वासाचं लाकूडही टाळा. भट्टीत वाळवलेल्या, धूळ चाळलेल्या पाइनच्या सालपटी, म्हणजे रंधा मारताना निघणारे लाकडाचे पातळ काप, चालतात.

खरा प्रश्न पाण्याचा. फ्लीस तीन-चार दिवसांनी धुवावंच लागतं, रोज लेंड्या झाडाव्या लागतात. उन्हाळ्यात आपल्याकडे नळाला दिवसाआड पाणी, तिथे ही धुणी कुठून काढणार? सालपटींना धुणी लागत नाहीत, ओला कोपरा रोज उचलून टाकायचा आणि आठवड्याने सगळ्या बदलायच्या. दोन्हींत ओल राहिली तर पाय सुजून जखमा होतात.

फ्लीस वापरण्याआधी चार-पाच वेळा धुवा, सॉफ्टनर न घालता, म्हणजे लघवी खाली झिरपेल. खाली जुने टॉवेल हवेतच. बोटाने दाबून बघा, वरचा थर कोरडा लागला पाहिजे.

रेस्क्यूच्या जनावराला पहिले काही आठवडे फ्लीसच द्या, असं मी आग्रहाने सांगेन. फिक्या कापडावर लघवीतलं रक्त, पातळ लेंड्या लगेच दिसतात. नंतर पाण्याची सोय असेल तर तेच ठेवा. टँकरवर दिवस काढणाऱ्यांनी सालपटी घ्याव्यात. खायला गवत दोन्हीकडे भरपूर लागेलच.