तीन कप्प्यांची टाकी की राखेचा संडास?

चीनच्या खेड्यांत सोनखत शतकानुशतके शेतात जात आलं आहे. त्यामुळे तिथे मैला नुसता नजरेआड करून भागत नाही, तो निर्धोक होऊन शेतात पोचायला हवा.

सरकारी योजनांत जास्त दिसते ती तीन कप्प्यांची टाकी. मैला पहिल्या कप्प्यात किमान २० दिवस मुरतो, दुसऱ्यात १०, तिसऱ्यात ३०. जंतांची अंडी तळाशी बसतात, हवेविना कुजताना रोगजंतू घटतात आणि शेवटच्या कप्प्यातलं पाणी पिकाला देता येतं. दक्षिणेत, जिथे पाण्याची ददात नाही, तिथे मी हीच निवडेन. मात्र टाकी गळकी निघाली तर शेजारची विहीर नासते.

राखेच्या संडासाला पाणी लागत नाही. भांड्याला दोन वाटा: पुढून लघवी वेगळ्या डब्यात, मागून मैला कोरड्या खड्ड्यात, वर चुलीतली राख. राखेने ओल शोषली जाते, माश्या बसत नाहीत. पण एकाने जरी आत पाणी ओतलं, तरी घरभर दुर्गंधी! आणि घरात गॅस आला की राख आणायची कुठून, हा प्रश्न उरतोच.

तरीही कान्सूसारख्या कोरड्या प्रांतासाठी माझं मत राखेलाच. तिथे १९९५च्या दुष्काळानंतर घरोघरी पावसाचं पाणी साठवायला दोन-दोन हौद बांधले गेले. पिण्यासाठी जपलेलं ते पाणी संडासात ओतायला कुणाचा हात धजेल? शिवाय हिवाळ्यात उथळ पुरलेले नळ गोठतात ते वेगळंच.