२.५ मिमी डिसोल्डर विक: ब्रिज काढायला झकास, थ्रू-होलला तोकडी

आयसीच्या (चिपच्या) पायांमधले ब्रिज, म्हणजे दोन पाय चुकून जोडणारं सोल्डर, ही वितळलेलं सोल्डर शोषून घेणारी तांब्याची विणलेली विक झटक्यात साफ करते. वेणीत रोझिन फ्लक्स (सोल्डर नीट चढावं म्हणून लावतात ती राळ) आहे, पण पाकीट उघडं राहिलं की तांबं काळवंडतं आणि सोल्डर चढत नाही. तेव्हा वरून थोडा फ्लक्स लावाच. विक पॅडवर (बोर्डावर पाय सोल्डर होतो त्या तांब्याच्या तुकड्यावर) ठेवून ३५० अंश सेल्सिअसवरची सोल्डरिंग आयर्नची रुंद टिप तिच्यावर टेकवा. दाबू नका, घासू तर नकाच. वेणी चंदेरी झाली की टिप आणि विक एकदमच उचला. आधी टिप उचलली तर विक चिकटते, आणि ओढलीत की पॅडच उखडून हातात! भरलेला तुकडा लगेच कापा, तो नुसती उष्णता खातो. ग्राउंड प्लेनला (बोर्डातल्या तांब्याच्या मोठ्या थराला, जो उष्णता ओढून घेतो) जोडलेल्या थ्रू-होलमध्ये, म्हणजे पाय घालायच्या आरपार भोकांत मात्र हिचा निभाव लागत नाही. तिथे ताजं सोल्डर घालून सोल्डर ओढून घेणारा पंपच चालवा.