आयटी सपोर्टच्या मुलाखतीची तयारी: दुकान, क्लास की घरची लॅब?

रत्नागिरी, चिपळूण, कुडाळकडची बरीच मुलं पदवी किंवा आयटीआय झाल्यावर एकाच प्रश्नाशी अडतात. आयटी सपोर्टची टेक्निकल मुलाखत द्यायची आहे, तर पुण्या-मुंबईला जाऊन क्लास लावावा, गावातल्या कॉम्प्युटरच्या दुकानात काम धरावं, की घरी बसून अभ्यास करावा? मी अशा मुलाखती घ्यायला बसतो, म्हणून तिन्ही वाटांनी आलेली मुलं समोर पाहिली आहेत. माझं मत आधीच सांगतो: पहिल्या लेव्हलच्या सपोर्टसाठी (युजरची तक्रार सगळ्यात आधी घेणाऱ्या जागेसाठी) दुकान आणि घरची लॅब, म्हणजे घरच्या लॅपटॉपवर उभारलेलं सरावाचं छोटं नेटवर्क, यांची जोडी सगळ्यात भारी पडते. क्लासचा नंबर त्यानंतर, तोही ठरावीक परिस्थितीत.

कारण मुलाखतीत व्याख्या कमी विचारतात, बिघाड जास्त. ‘युजरचा फोन आला, इंटरनेट चालत नाही म्हणतो. काय कराल?’ हा प्रश्न लोटे एमआयडीसीतल्या कंपनीतही येतो आणि ऐरोलीच्या मोठ्या ऑफिसातही. ओएसआय मॉडेलचे (नेटवर्कचं काम थरांत मांडणारा आराखडा) सात लेयर घडाघडा म्हणणारी मुलं इथे गप्प होतात किंवा थेट ‘राउटर रीस्टार्ट करेन’ म्हणतात.

मला हवं असलेलं उत्तर असं चालतं. आधी विचारायचं: फक्त तुमचंच बंद आहे की शेजारच्यांचंही? कधीपासून? मग केबल आणि पोर्टचा लाइट. मग आयपीकॉन्फिग, म्हणजे मशीनचा नेटवर्कवरचा पत्ता दाखवणारी कमांड. पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल तर मशीनला डीएचसीपीकडून (मशीनना आपोआप पत्ते वाटणारी सेवा) पत्ता मिळालेलाच नाही, म्हणजे केबल, स्विचचा पोर्ट किंवा डीएचसीपी सर्व्हर बघायचा. पत्ता बरोबर असेल तर गेटवेला (बाहेरच्या नेटवर्ककडे नेणारा राउटर) पिंग, म्हणजे तिथून उत्तर येतं का ते बघणं, मग इंटरनेटवरच्या ८.८.८.८ या गूगलच्या पत्त्याला पिंग. तिथून उत्तर येतंय पण वेबसाइट नावाने उघडत नाही, तर संशय डीएनएसवर (नावावरून पत्ता शोधून देणारी सेवा); एनएसलुकअप या कमांडने खात्री करायची. आणि फायरवॉल पिंग अडवू शकते, त्यामुळे उत्तर आलं नाही म्हणजे पलीकडचं मशीन बंदच आहे असं नाही, हेही जो सांगतो त्याच्याकडे मी लगेच नीट बघतो. यात पाठ करण्यासारखं फार थोडं आहे. पायऱ्यांचा क्रम अंगात मुरलेला लागतो, आणि तो बिघाड हाताखालून गेल्याशिवाय मुरत नाही.

आता दुकान. कोकणातल्या दुकानात जे शिकायला मिळतं ते कुठल्याच अभ्यासक्रमात सापडणार नाही. खारी, दमट हवा आणि पावसाळा यामुळे इथे मशीनं वेगळ्याच तऱ्हेने आजारी पडतात. पीसी चालू होतो, पंखा फिरतो, डिस्प्ले नाही, बीप वाजतोय: रॅम काढायची, तिच्या सोनेरी पट्ट्या खोडरबराने पुसायच्या, स्लॉट ब्रशने साफ करून परत बसवायची. मे-जूनमध्ये वळवाच्या विजा झाल्या की जळलेले लॅन पोर्ट आणि राउटर दुकानात येऊ लागतात, आणि अर्थिंग नावाची गोष्ट किती महत्त्वाची आहे ते तिथे कळतं. एसएमपीएस (पीसीचा पॉवर सप्लाय) तपासणं, जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी लावणं, डेटा आधी वाचवणं, अडकलेली प्रिंट सोडवायला प्रिंट स्पूलर थांबवून रांग रिकामी करून परत सुरू करणं, हे सगळं चार महिन्यांत हातात बसतं. शिवाय वैतागलेल्या गिऱ्हाइकाशी शांतपणे बोलायची सवय लागते. सपोर्टमध्ये अर्धी नोकरी तीच आहे.

पण दुकानाची एक खोड लागते आणि ती मुलाखतीत उघडी पडते: दर दुखण्यावर ‘फॉरमॅट मारतो’. दुकानात वेळ वाचतो म्हणून ते चालतं. कंपनीत युजरचा डेटा असतो, लायसन्स असतं, तक्रारीचं तिकीट नोंदवायचं असतं, परवानगी घ्यायची असते. तिथे फॉरमॅट हा शेवटचा उपाय. आधी इव्हेंट व्ह्यूअर (विंडोजमधल्या घडामोडींची नोंद), सेफ मोड (कमीत कमी गोष्टींनिशी विंडोज चालू करणं), नुकतं काय इन्स्टॉल झालं ते बघणं. दुसरी उणीव म्हणजे दुकानात डोमेन, म्हणजे कंपनीची सगळी मशीनं आणि अकाउंट एका जागेवरून सांभाळायची व्यवस्था, नसतं. अॅक्टिव्ह डिरेक्टरी (डोमेनमधल्या अकाउंट आणि मशीनांची नोंद ठेवणारी विंडोजची सेवा), ग्रुप पॉलिसी (सगळ्यांना एकदम लावायचे नियम), लॉक झालेलं अकाउंट उघडणं, रिमोटवरून मशीन हाताळणं, यातलं काहीच तिथे दिसत नाही. आणि या जागांच्या मुलाखतीत निम्मे प्रश्न याच विषयांवरचे.

ही उणीव घरची लॅब भरून काढते, तेही जवळजवळ फुकटात. एकाच लॅपटॉपच्या आत आणखी मशीनं चालवू देणारा व्हर्च्युअलबॉक्स हा प्रोग्राम मोफत आहे. विंडोज सर्व्हरची चाचणी आवृत्ती मायक्रोसॉफ्ट १८० दिवसांसाठी देतं, विंडोज एंटरप्राइजची ९० दिवसांसाठी. फाइल काही जीबींच्या आहेत, तेव्हा गावात रेंजची बोंब असेल तर शहरातल्या मित्राकडून पेन ड्राइव्हवर मागवून घ्या. लॅपटॉपला ८ जीबी रॅम असेल तर कसंबसं भागतं, १६ असेल तर सुखाने चालतं. खर्च करायचाच असेल तर क्लासच्या आधी रॅमवर करा.

त्यात एक सर्व्हर उभा करायचा, त्याला डोमेन कंट्रोलर (डोमेन चालवणारा सर्व्हर) बनवायचं, दोन युजर तयार करायचे आणि एक क्लायंट, म्हणजे युजरचं मशीन, डोमेनला जोडायचा. पहिल्यांदा बहुतेकांचा क्लायंट जोडला जात नाही, ‘डोमेन सापडत नाही’ असा एरर येतो. कारण क्लायंटच्या डीएनएसमध्ये राउटरचा पत्ता राहिलेला असतो. तिथे डोमेन कंट्रोलरचा पत्ता हवा. ज्याने या एररशी झुंजून हे स्वतः शोधलंय, त्याला ‘अॅक्टिव्ह डिरेक्टरीला डीएनएस कशाला लागतं?’ हा प्रश्न कुणीही, कसाही फिरवून विचारला तरी जड जात नाही. मग मुद्दाम चुकीचे पासवर्ड टाकून अकाउंट लॉक करा आणि उघडा. फोल्डर शेअर करा: शेअरवर फक्त वाचायची परवानगी आणि एनटीएफएसवर (डिस्कवरच्या फोल्डरची स्वतःची परवानगी) फुल कंट्रोल दिला, तर नेटवर्कवरून येणाऱ्याला फक्त वाचता येतं, कारण दोन्हींतली कडक परवानगी लागू होते. हे डोळ्यांनी एकदा बघितलं की विसरत नाही.

दुकान आणि लॅब एकमेकांना कशी पूरक पडतात याचं मला फार आवडणारं उदाहरण म्हणजे मदरबोर्डवरचा बटणासारखा सेल, सीआर २०३२. तो संपला की पीसी बंद केल्यावर घड्याळ मागे जातं आणि वेबसाइट उघडताना सर्टिफिकेटचे (वेबसाइट खरी असल्याचा डिजिटल दाखला) एरर येतात. दुकानात काम केलेला मुलगा सेल बदलून मोकळा होतो. ज्याने लॅबही केली आहे तो पुढचंही सांगतो: सर्टिफिकेटला ठरावीक मुदत असते, तारीख चुकली की ब्राउझरला ते अवैध वाटतं, आणि डोमेनमध्ये कर्बेरॉस (लॉगिन तपासणारी पद्धत) डीफॉल्टने घड्याळांत पाच मिनिटांपर्यंतचाच फरक चालवून घेतं, त्यामुळे घड्याळ चुकलं तर लॉगिनलाही अडचण येऊ शकते. एवढं उत्तर आलं की मी त्या मुलाला हार्डवेअरचं आणखी काही विचारत नाही.

घरच्या अभ्यासाचा तोटा एकच, पण मोठा आहे: बोलायची सवय होत नाही. व्हिडिओ बघताना सगळं कळतं आणि समोर माणूस बसला की शब्द फुटत नाहीत. आपल्याकडची हुशार मुलं ज्ञानात कमी पडत नाहीत, इथे अडतात. रोज एक बिघाड घ्या आणि घरातल्या कुणालाही, आत्या असो की धाकटा भाऊ, मोठ्याने समजावून सांगा; आधी मराठीत, मग तोच हिंदी-इंग्रजी मिसळून. मुलाखतीची भाषा बहुतेक वेळा तशीच मिसळलेली असते.

क्लासबद्दल थोडक्यात. घरी लाइट आणि नेट यांचा भरवसा नाही, एकट्याने अभ्यासाला बसवत नाही, किंवा सपोर्टवरून पुढे नेटवर्किंगमध्येच जायचं पक्कं आहे, तर क्लास जरूर लावा. सिस्को कंपनीची सीसीएनए चांगलीच परीक्षा आहे, पण ती नेटवर्कची आहे. डेस्कटॉप सपोर्टच्या पहिल्या नोकरीसाठी तिची सक्ती मी तरी करत नाही. तिचा सराव घरीही होतो, कारण सिस्कोचं पॅकेट ट्रेसर हे नेटवर्कच्या सरावाचं सॉफ्टवेअर मोफत मिळतं. कॉम्पटिया या संस्थेची ए प्लस परीक्षा सपोर्टच्या जास्त जवळची, पण तिचे दोन पेपर आणि दोन्हींची वेगळी फी. प्रमाणपत्र तीन वर्षं चालतं. परीक्षा द्यायची नसली तरी तिचा अभ्यासक्रम संकेतस्थळावरून मोफत उतरवून घ्या आणि काय येतंय, काय राहिलंय याच्या खुणा करत जा. एमएस-सीआयटी कॉम्प्युटर वापरायला शिकवते, दुरुस्त करायला नाही. तेवढ्यावर मुलाखतीला जाऊ नका.

पुण्या-मुंबईचा क्लास म्हणजे फीबरोबर खोली, मेस आणि प्रवासही आला. घरच्यांनी कर्ज काढून पाठवण्याआधी क्लासवाल्यांना एकच विचारा: मागच्या बॅचमधला नोकरीला लागलेला एक मुलगा बोलायला मिळेल का? ‘शंभर टक्के प्लेसमेंट’चा बोर्ड लावणारे या प्रश्नाला टाळाटाळ करू लागले, तर पैसे भरू नका.

ज्याच्याकडे सहा महिने आहेत त्याने दिवसा दुकान धरावं आणि रात्री लॅब करावी. दुकानात पगार थोडा मिळेल, तरी धरावं. मुलाखतीची तारीखच हातात आलेली असेल तर दुकानाचा नाद सोडून लॅब आणि बोलण्याचा सराव, एवढंच. मुलींना दुकानात काम मिळायला इथे अजून त्रास होतो, हे खेदाने सांगावं लागतं. त्यांनी शाळेची लॅब, पतसंस्था, ओळखीचा दवाखाना अशा ठिकाणी मशीनं सांभाळायला मागावीत. तोही अनुभवच आहे आणि बायोडेटात तो तसाच, काय बिघडलं आणि काय केलं अशा शब्दांत लिहावा.

पहिला राउंड हल्ली बऱ्याचदा व्हिडिओवर असतो. पावसाळ्यात तो असेल तर लॅपटॉप आधी पूर्ण चार्ज करा, मोबाइलचं हॉटस्पॉट आधी जोडून तपासा आणि समोरच्याचा फोन नंबर मागून ठेवा. लाइट गेली तर दोन मिनिटांत फोन करून ‘हॉटस्पॉटवरून परत जोडतोय’ असं सांगा. सपोर्टच्या माणसाने नेमकं हेच करायचं असतं, आणि मुलाखत घेणाऱ्याच्या ते बरोबर लक्षात येतं.