कागदपत्रं दारात की गल्ल्यावर? परवानाधारक ऑनलाइन कॅसिनोची पडताळणी आणि मर्यादा काही महिने वापरल्यानंतर

नाशिकला परत आल्यापासून ओळखीतले लोक एक प्रश्न हमखास विचारतात. इंग्लंडमध्ये ऑनलाइन कॅसिनो कायदेशीर आहे, मग तिकडच्या साइटमध्ये आणि इकडे व्हॉट्सॲपवर मिळणाऱ्या 'आयडी'मध्ये (म्हणजे सट्ट्याच्या साइटवरच्या खात्यात) फरक तो काय? पत्ते तेच, रूलेटचं चाक तेच. हा प्रश्न अंबडच्या कंपनीतल्या मुलांनी विचारला आणि द्राक्षाचे पैसे नुकतेच हातात आलेल्या दिंडोरीच्या नातेवाइकांनीही विचारला. म्हणून सविस्तर लिहिते आहे.

मी कंपनीच्या प्रोजेक्टवर लेस्टरला होते. तिथे ब्रिटनच्या गॅम्बलिंग कमिशनचा, म्हणजे जुगारावर देखरेख करणाऱ्या तिथल्या सरकारी संस्थेचा, परवाना असलेल्या एका साइटवर खातं उघडलं आणि परत येईपर्यंत ते वापरलं. साइटचं नाव मुद्दाम देत नाही. ती भारतात उघडत नाही, आणि तिचं नाव शोधता शोधता कुणी नकली लिंकवर पोहोचावं असं मला वाटत नाही. खेळ कसे आहेत, बोनस किती देतात, यावरही लिहिणार नाही. जुगारात सरासरी फायदा खेळ चालवणाऱ्याचाच असतो आणि परवाना असला म्हणून त्यात फरक पडत नाही. मला सांगायचंय ते ओळखपडताळणीबद्दल आणि स्वतःला आवर घालायच्या सोयींबद्दल.

पडताळणीने माझे बरेच दिवस घेतले. कारण अगदी आपलं मराठी होतं: मधलं नाव. माझ्या पासपोर्टवर माझ्या नावाला जोडून वडिलांचं नाव आहे आणि आडनाव वेगळ्या ओळीत. तिथल्या बँकेने पासपोर्ट बघून तिन्ही नावं घेतली. घरमालकाने कौन्सिल टॅक्ससाठी (तिथली घरपट्टी) फक्त नाव आणि आडनाव कळवलं. साइटच्या फॉर्ममध्ये दोनच रकाने. सगळं भरून बटण दाबलं की साइट मागच्या मागे क्रेडिट एजन्सीच्या नोंदी आणि मतदारयादी तपासते. स्थानिक माणसाचं काम तिथेच, काही सेकंदांत होतं. माझी नावं एकमेकांशी जुळेनात, आणि देशात नवीन असल्यामुळे क्रेडिटच्या नोंदीही जेमतेम. मग कागदपत्रं मागितली: पासपोर्टचं फोटोचं पान, मागच्या तीन महिन्यांतलं बँक स्टेटमेंट, आणि कॅमेऱ्यासमोर मान डावीकडे-उजवीकडे वळवून दाखवायचा सेल्फी. मोबाइलचं बिल पत्त्याचा पुरावा म्हणून चालत नाही, हे चॅटवर विचारल्यावरच कळलं. ते आधी लिहून ठेवायला काय हरकत होती? चॅटवरच्या माणसाने शेवटी खात्यावरचं नाव पासपोर्टप्रमाणे करून दिलं, तेव्हा गाडं पुढे सरकलं.

तिकडे जाणाऱ्या आपल्या मुलामुलींसाठी एक गोष्ट सांगून ठेवते, तिचा कॅसिनोशी संबंध नाही. ब्रिटनमध्ये कायदेशीर राहणारा भारतीय नागरिक राष्ट्रकुलातला म्हणून तिथल्या मतदारयादीत नाव नोंदवू शकतो. ते केलं की अशा सगळ्या पडताळण्या सोप्या होतात. घर भाड्याने घेताना, मोबाइलचा करार करताना, सगळीकडे उपयोग होतो.

तर मुख्य मुद्दा. ही सगळी खटपट चालू असताना मला त्या खात्यात एक पैसाही भरता येत नव्हता. पैसे भरायचं पानच बंद होतं. ७ मे २०१९ पासून तिथे नियम आहे की नाव, पत्ता आणि जन्मतारीख तपासल्याशिवाय ग्राहकाला खेळू द्यायचं नाही. त्याआधी वय तपासायला ७२ तासांची सवलत होती, म्हणजे तोवर एखादा सोळा वर्षांचा पोरगा पैसे लावून मोकळा. आणखी एक, जे मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं: जी कागदपत्रं आधी मागता आली असती, ती पैसे काढायच्या वेळी अट म्हणून पुढे करायची नाहीत. माझा अनुभव तसाच होता. जमा असलेले पैसे काढायला गेले तेव्हा एकही नवा कागद मागितला नाही. ज्या डेबिट कार्डाने भरले त्याच कार्डावर परत आले. क्रेडिट कार्ड तिथे १४ एप्रिल २०२० पासून जुगारासाठी बंदच आहे.

पैसे काढायची विनंती केली की ती रद्द करून पुन्हा खेळायला बसता येत नाही, हेही चांगलं. पूर्वी पैसे पोहोचेपर्यंत 'विनंती मागे घ्या' असं बटण असायचं म्हणे. रात्री काढलेले पैसे लोक पहाटे परत लावून बसायचे. ते बटण आता नियमानेच हद्दपार झालंय.

आता मर्यादा. पडताळणी झाल्यावर, पहिले पैसे भरण्याआधी स्क्रीनवर प्रश्न आला: दिवसाला, आठवड्याला किंवा महिन्याला किती भरायचे ते ठरवा. ३१ ऑक्टोबर २०२५ पासून हे विचारणं सगळ्या कंपन्यांना बंधनकारक आहे आणि माझं खातं त्यानंतरचं. मी महिन्याला ४० पौंड टाकले. अजून एकही डाव खेळलेला नसताना आपण जो आकडा टाकतो तो शांत डोक्याचा असतो. म्हणून हा प्रश्न नेमका त्याच जागी असायला हवा.

ही मर्यादा कमी करायची म्हटलं तर लगेच होते. वाढवायची म्हटलं तर २४ तास थांबावं लागतं, आणि थांबल्यावरही ती आपोआप वाढत नाही. परत लॉगिन करून 'हो, वाढवायची आहे' असं सांगावं लागतं. एका रविवारी संध्याकाळी ब्लॅकजॅक या पत्त्यांच्या खेळाच्या टेबलवर मी मर्यादेला टेकले. वाढवून १०० करायची विनंती टाकली. उत्तर आलं, उद्या याच वेळी. दुसऱ्या दिवशी ऑफिसातून बसने घरी येताना सूचना दिसली: तुमची विनंती मंजुरीसाठी थांबली आहे, पुढे जायचं का? आदल्या संध्याकाळी जी रक्कम अगदी हवी होती, तिचं त्या बसमध्ये मला काहीच पडलेलं नव्हतं. 'नाही' दाबलं. त्या साइटवरच्या सगळ्या सोयींमध्ये मला खऱ्या अर्थाने उपयोगी पडलेली सोय हीच. माहितीची पत्रकं, सल्ल्याची पानं, हसऱ्या चेहऱ्यांची चित्रं भरपूर होती, पण मध्ये एक रात्र घालणारी गोष्ट ही एकटी.

दर २० मिनिटांनी खेळ थांबवून किती वेळ झाला आणि किती गेले ते दाखवणारी खिडकीही मी लावली होती. तिचा उपयोग मी निम्मा मानते. 'किती गेले' हा आकडा बघितला की भानावर यायला होतं, हे खरं. पण माझ्या साइटवर 'पुढे चालू' हे बटण मोठं आणि हिरवं होतं, 'बाहेर पडा' बारीक करड्या अक्षरांत. काही आठवड्यांनी अंगठा न वाचताच हिरव्यावर जायला लागतो. दोन्ही बटणं सारखी का नसावीत? मी तशी तक्रारही केली, छापील उत्तर आलं.

खेळाचा वेग मात्र खरंच आवरलेला आहे. जानेवारी २०२५ पासून रूलेट, ब्लॅकजॅकसारख्या खेळांचा एक डाव निदान पाच सेकंदांचा असतो आणि आपोआप चालू राहणारे डाव बंद आहेत. स्लॉटवर (चित्रांची चाकं फिरवायचा खेळ) एका फिरकीला जास्तीत जास्त ५ पौंड, १८ ते २४ वयाच्यांना २ पौंड. स्लॉट मी फारसे खेळले नाही, त्यामुळे अधिक लिहीत नाही.

मोठी उणीव ही की मर्यादा त्या एका साइटपुरती असते. इथे ४० संपले की शेजारच्या साइटवर नवं खातं, नवे ४०. त्यावरचा उपाय गॅमस्टॉप: तिथे नाव नोंदवलं की ब्रिटनच्या परवान्यावरच्या सगळ्या साइट एकदम बंद, सहा महिने, एक वर्ष किंवा पाच वर्षं. मार्च २०२०च्या अखेरपासून प्रत्येक ऑनलाइन परवानाधारकाला त्यात असावंच लागतं. माझ्या टीममधल्या एका मुलाने एक वर्षासाठी नाव घातलं होतं. त्याने सांगितलेल्या दोन गोष्टी लक्षात राहिल्या. मुदत संपली म्हणून दार आपोआप उघडत नाही. तुम्हीच संपर्क करून नाव काढायला सांगायचं आणि त्यानंतरही २४ तास थांबायचं. आणि घर बदललं, नंबर बदलला तर गॅमस्टॉपला कळवायचं, कारण ओळख पटते ती याच तपशिलांवरून. बिनपरवान्याच्या साइटवर मात्र याचा काडीचा परिणाम नाही. म्हणून त्याने बँकेच्या ॲपमधूनही जुगाराचे व्यवहार बंद करून ठेवले होते. तिथल्या बऱ्याच बँका ती सोय देतात आणि बंदी उठवायची तर तिथेही थांबावं लागतं.

आता नाशिक. माझ्या मावसभावाच्या मित्राला, सातपूरला कारखान्यात असतो तो, एका नंबरवरून आयडी मिळाला. साइटच्या तळाशी परदेशी परवान्याचं चिन्ह, मराठीत बोलणारा 'एजंट' आणि खातं उघडायला फक्त मोबाइल नंबर. वय विचारलं नाही, पॅन नाही, काही नाही. दोन मिनिटांत पैसे भरून खेळ सुरू. यूपीआयने पैसे भरताना दर वेळी समोर वेगळ्याच माणसाचं नाव यायचं. ती भाड्याने घेतलेली खाती. मुलगा जिंकत गेला, स्क्रीनवरचा आकडा फुगत गेला. काढायला गेला तेव्हा कागदपत्रांची आठवण झाली त्यांना. आधार, पॅन, हातात चिठ्ठी धरून फोटो. ते दिल्यावर म्हणे आधी ३० टक्के टॅक्स भरा, मग रक्कम सोडतो. त्याने तेही भरले.

इथे थांबून स्पष्ट लिहिते, कारण या एका वाक्यावर लोक फसतात. आयकर कायद्यात ऑनलाइन गेममधल्या निव्वळ जिंकण्यावर ३० टक्के टीडीएस (पैसे देणाऱ्यानेच कापून घ्यायचा कर) कापायची तरतूद १ एप्रिल २०२३ पासून आली. टीडीएस जिंकलेल्या रकमेतूनच कापला जातो. 'आधी तुमच्या खिशातून टॅक्स भरा' असं कुणी म्हणालं की समजा, ते पैसे सरकारकडे जात नाहीत आणि तुमची रक्कमही येणार नाही. अशा वेळी पुढचा रुपया न भरता ताबडतोब १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनवर फोन करायचा. व्यवहाराचे क्रमांक, समोरचा यूपीआय आयडी, चॅटचे स्क्रीनशॉट हाताशी ठेवायचे. जितक्या लवकर तक्रार, तितकी समोरच्या खात्यात रक्कम गोठवली जाण्याची शक्यता जास्त. त्या मुलाचे आधार-पॅन आता त्या लोकांकडे आहेत आणि मला पैशांपेक्षा त्याची काळजी जास्त वाटते. त्याला आधारचं बायोमेट्रिक लॉक करायला आणि अधूनमधून क्रेडिट रिपोर्ट बघायला सांगितलंय, त्याच्या नावावर कुणी कर्ज काढू नये म्हणून.

लेस्टरमध्ये मला दारात अडवलं आणि बाहेर पडताना कुणी अडवलं नाही. सातपूरच्या मुलाला दारात कुणी अडवलं नाही आणि गल्ल्यावर अडवलं. 'इकडच्या साइटवर काय वेगळं' याचं माझं उत्तर हे आहे.

आणि 'मग इकडची परवानावाली साइट कोणती?' असं विचारणाऱ्यांना: एकही नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला, २२ ऑगस्टला राष्ट्रपतींची सही झाली. पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ, कौशल्याचे असोत की नशिबाचे, त्यात बंद आहेत. चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद, एक कोटीपर्यंत दंड किंवा दोन्ही, जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद, ५० लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. या कायद्यात खेळणाऱ्याला शिक्षा नाही, त्यामुळे फसलेल्या माणसाने तक्रार करायला कचरू नये. रमीच्या मोठ्या देशी ॲप्सनी पैशांचे खेळ तेव्हाच थांबवले. साइटच्या तळाशी कुठल्याही परदेशी बेटावरच्या सरकारचा परवाना असो, नाशिकमध्ये त्याच्या जोरावर तुम्हाला दाद मागता येत नाही.

ज्याला सवय सोडायची आहे त्याच्यासाठी इथे काय आहे, हेही परत आल्यावर शोधलं. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी नंबर चोवीस तास चालतो, पैसे पडत नाहीत आणि मराठीत बोलता येतं. कार्डावरचे आंतरराष्ट्रीय आणि ऑनलाइन व्यवहार बँकेच्या ॲपमधून बंद करता येतात. २०२० पासून ही सोय द्यायला रिझर्व्ह बँकेने सांगितलंय. यूपीआयची रोजची मर्यादाही कमी करून घेता येते. मी मावसभावाला ती करून दिली. पण माझ्या बँकेच्या ॲपमध्ये तीच मर्यादा पुन्हा वाढवायला पिन टाकायचा अवकाश, लागलीच वाढते. रात्री दीड वाजताही. म्हणजे कमी करायची सोय आहे आणि थांबवायची नाही. ग्राहकाने स्वतः मागितलं तर वाढ २४ तासांनी लागू व्हावी, एवढंच मी बँकेला लेखी मागितलं आहे. शाखेतल्या मॅडमनी अर्ज वर पाठवते म्हणून पोच दिली. तुमच्या घरी कुणासाठी ही गरज असेल तर तुमच्याही बँकेत असा अर्ज द्या.